सात बाय चौदाचा मिनी लेथ: पितळेसाठी जरूर घ्या, पोलादासाठी विचार करून

खोकं उघडलं, प्लग लावला आणि काम सुरू केलं, असं या मशीनच्या बाबतीत होत नाही. ७ × १४ इंची मिनी लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून टूलने कापणारं टेबलावरचं मशीन, दुकानातून येतो तो ढोबळ जुळवणी करून. त्याच्या स्लाइड्स (टूल सरकवणारे भाग) बसवणं, टेलस्टॉक (समोरच्या टोकाचा आधार) सेंटरला आणणं आणि कॅरेजच्या, म्हणजे टूल घेऊन बेडवर सरकणाऱ्या भागाच्या, खालच्या पट्ट्या घासून नीट करणं ही कामं विकत घेणाऱ्यालाच करावी लागतात. दोन-तीन रविवार त्यात घालवायची तयारी असेल, तर पितळ आणि अॅल्युमिनियमच्या छोट्या कामांसाठी, विशेषतः हाताने केलेल्या भेटवस्तूंसाठी, हा लेथ मनापासून सुचवावा असा आहे. तयारी नसेल तर पैसे टाकू नका. न जुळवलेल्या मशीनवर शिकणाऱ्याला आपला हात चुकतोय की मशीन, हेच कळत नाही आणि बहुतेकांचा छंद तिथेच थांबतो.

आकड्यांचा अर्थ असा. ७ इंच म्हणजे बेडवर (मशीनच्या लांब पायावर) फिरू शकणाऱ्या जॉबचा (कापायच्या तुकड्याचा) जास्तीत जास्त व्यास, साधारण १८० मिमी. १४ इंच म्हणजे जॉबला दोन्हीकडून आधार देणाऱ्या दोन टोकदार सेंटरमधलं अंतर, साधारण ३५० मिमी. पण टूल आडवं सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडच्या वर जेमतेम ११० मिमी जागा उरते, त्यामुळे लांब जॉबचा व्यास त्याहून कमीच धरावा. स्पिंडलला (जॉब फिरवणाऱ्या दांड्याला) २० मिमीचं आरपार भोक आणि एमटी-३ टेपर (मोर्स टेपर, म्हणजे निमुळतं भोक), टेलस्टॉकला एमटी-२. सोबत ८० मिमीचा तीन जबड्यांचा चक (जॉब पकडणारा भाग) येतो. वजन चाळीस किलोच्या आसपास, म्हणजे दोघांनी उचलून तिसऱ्या मजल्यावर नेता येतं आणि गॅलरीतल्या भक्कम टेबलावर ठेवता येतं. शांघायच्या सीग कंपनीचे सी-२ आणि सी-३ हे या जातीतले सर्वांना माहीत असलेले लेथ. त्याच धर्तीची मशीन्स निरनिराळ्या रंगांत, निरनिराळ्या नावांनी विकली जातात. इथे लिहिलंय ते या सगळ्या जातीबद्दल.

घेताना पहिला प्रश्न मोटरचा. जुन्या धर्तीच्या मशीनमध्ये ब्रशची डीसी मोटर, मागे हाय-लो लिव्हर आणि हेडस्टॉकच्या (स्पिंडल धरणाऱ्या डोक्याच्या) आत प्लास्टिकचे गिअर असतात. टूल जॉबमध्ये रुतलं की पहिला दात तिथलाच तुटतो. गिअर बदलायचा तर स्पिंडल पूर्ण बाहेर काढावं लागतं आणि त्यात एक दिवस जातो. नव्या धर्तीत ब्रशलेस मोटर थेट बेल्टने स्पिंडल फिरवते. लिव्हर नाही, आत गिअर नाहीत, आवाज निम्म्याहून कमी आणि कमी वेगातही जोर टिकतो. दोन्हींच्या किमतींत फरक आहे, पण वाचवायचे असतील तर पैसे दुसरीकडे वाचवा, मोटरवर नको.

दुकानातच करून बघण्यासारख्या दोन-तीन गोष्टी आहेत. चक हाताने फिरवा: घट्ट-सैल-घट्ट असं जाणवलं तर बेअरिंग बसवताना गडबड झालीय. टेलस्टॉकमध्ये डेड सेंटर (न फिरणारं टोक) घालून तो चकमधल्या टोकदार सेंटरपर्यंत आणा आणि दोन टोकांच्या मध्ये जुनी पातळ ब्लेडची पट्टी धरा. टोकं समोरासमोर असतील तर पट्टी सरळ उभी राहते, खाली-वर असतील तर लगेच तिरकी होते. आडवा फरक नंतर काढता येतो. टेलस्टॉक खाली असेल तर शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घालून भागतं, वर असेल तर घासत बसावं लागतं, तेव्हा दुसरं मशीन मागा. मिलिमीटरची मशीन आणि इंचाची मशीन यांत गल्लत होऊ देऊ नका. लीड स्क्रू (कॅरेज सरकवणारा लांब आट्यांचा दांडा) १.५ मिमी पिचचा, म्हणजे दोन आट्यांत तेवढं अंतर असलेला, आहे का ते विचारून घ्या.

आता जुळवणी. मशीन लाल, चिकट गंजरोधक ग्रीसमध्ये माखून येतं. ते मिनरल टर्पेंटाइन किंवा डिझेलने, ब्रश मारून, पूर्ण काढायचं. त्यात कारखान्यातला घासकामाचा बारीक चुरा अडकलेला असतो. तो तसाच ठेवून स्लाइड्स चालवल्या तर पहिल्याच आठवड्यात बेडवर ओरखडे उठतात.

सगळ्यांत जास्त वेळ कॅरेजच्या खालच्या दोन पट्ट्यांवर द्यावा लागतो. कॅरेज बेडवरून वर उचलली जाऊ नये म्हणून त्या असतात. काही बोल्ट पट्टी वर ओढतात, मधले ग्रब स्क्रू (डोकं नसलेले) तिला खाली ढकलतात, आणि या ओढाताणीत पट्टी वाकडी होऊन एका कडेवरच टेकते. मॅग्नेटिक बेसवर ०.०१ मिमीचा डायल गेज लावा, कॅरेज हाताने वर ओढून बघा. नव्या मशीनवर सुई दहा घरं सहज हलते. पार्टिंग (जॉब कापून वेगळा करणं) करताना जो खडखडाट होतो, चॅटर म्हणतात तो, त्याचं अर्ध्याहून जास्त मूळ इथे आहे. उपाय असा: पट्ट्या काढा, जाड काचेवर ३२० नंबरचा पॉलिश पेपर पसरून आठाच्या आकारात घासून सपाट करा, ग्रब स्क्रू काढून टाका आणि त्यांच्या जागी ०.०५ मिमीची पितळी शिम हवी तेवढ्या थरांत घाला. बोल्ट पूर्ण आवळूनही कॅरेज हाताने सरकली पाहिजे आणि गेजची सुई दोन घरांच्या वर जाता कामा नये.

क्रॉस स्लाइड आणि वरच्या कंपाउंड स्लाइडच्या गिबचीही तीच गत. गिब म्हणजे आतली पोलादी पट्टी. तिच्यावरचे खळगे स्क्रूच्या टोकाखाली नीट येत नाहीत, म्हणून आवळताना ती तिरपी सरकते. काचेवर घासा, खळगे ३ मिमीच्या ड्रिलने नीट करून घ्या. नट आवळताना अॅलन की धरून ठेवा, नाहीतर स्क्रू नटाबरोबर फिरतो आणि केलेली जुळवणी जाते. क्रॉस स्लाइडला ०.१ ते ०.२ मिमी बॅकलॅश (हँडल उलटं फिरवताना येणारी ढिलाई) उरतोच. त्याच्या मागे लागू नका. माप नेहमी एकाच दिशेने आत येऊन घ्या.

मग हेडस्टॉक. २५ मिमीचा अॅल्युमिनियम रॉड चकच्या बाहेर १०० मिमी काढून, टेलस्टॉकचा आधार न देता, हलका कट घ्या आणि दोन्ही टोकं मायक्रोमीटरने मोजा. फरक ०.०२ मिमीच्या आत असेल तर हात लावू नका. बाहेरचं टोक जाड आलं तर लगेच हेडस्टॉक दोषी ठरवायचा नाही. टूल बोथट असलं तर तेच रॉडला मागे ढकलतं आणि टोक जाड राहतं. टूलला नवी धार लावून, पुन्हा हलका कट घेऊन, तरीही फरक तोच आला तरच हेडस्टॉकचे खालचे बोल्ट सैल करून शिम घालायची. ही उलटतपासणी न करता चांगल्या मशीनचे हेडस्टॉक सैल करणारे खूप आहेत.

बेअरिंगबद्दल बरीच चर्चा चालते. मशीनमध्ये साधे ६२०६ बॉल बेअरिंग असतात. ते काढून ३०२०६ टेपर रोलर घालायचे तर ते १७.२५ मिमी रुंद आहेत, मूळचे १६ मिमी, त्यामुळे स्पेसर तेवढा कापावा लागतो. ७२०६ अँग्युलर कॉन्टॅक्ट १६ मिमीचेच असल्याने सरळ बसतात. पितळेच्या कामासाठी यातलं काहीही करायची गरज नाही.

हे झालं की मशीन काय करू शकतं, ते बघायला एक झाकणाची पितळी डबी करावी. छोटी, हातात जड लागणारी, कानातल्यांची किंवा अंगठीची. भेट म्हणून ती देखणी दिसते आणि मशीनची खरी परीक्षाही तिच्यातच होते.

लेथकामाचं, म्हणजे फ्री कटिंग, पितळ मागायचं. मुंबईत गुलालवाडी-कीका स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठेच्या आसपास वजनावर तुकडे मिळतात. ४० मिमी व्यासाचा, ४५ मिमी लांब तुकडा साधारण ४८० ग्रॅम भरतो. स्पिंडलचं भोक २० मिमीच असल्याने लांब रॉड आत घालून कापता येत नाही, तेव्हा तुकडे दुकानातच कापून घ्या, नाहीतर हॅकसॉ चालवायची तयारी ठेवा. या पितळेत दोन-तीन टक्के शिसं असतं, त्यामुळेच ते सुरेख कापलं जातं. म्हणून त्याचा कुंकवाचा करंडा, मसाल्याची डबी किंवा लहान मुलांच्या हातातला भोवरा करू नये. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

४० मिमी व्यासाला ५०० ते ७०० आरपीएम पुरतात. टूल एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं), वरची बाजू सपाट ठेवलेलं. पोलादासाठी देतात तसा वरचा उतार दिला तर पितळ टूलला आत ओढून घेतं. हेच ड्रिललाही लागू आहे आणि नवख्याची फजिती इथेच होते: नेहमीचं ड्रिल पितळेत स्क्रूसारखं घुसतं, टेलस्टॉकमधल्या ज्या चकमध्ये ते धरलेलं असतं तो चकच एमटी-२ टेपरमधून बाहेर खेचला जातो आणि ड्रिल जॉबबरोबर गरगर फिरतं. ड्रिलच्या दोन्ही कापणाऱ्या कडांची पुढची बाजू ऑइल स्टोनने हलकेच सपाट करून घ्या. अर्धा मिमी रुंदीची चकचकीत पट्टी दिसली की पुरे. असे ६, १० आणि १३ मिमीचे तीन ड्रिल पितळेसाठी वेगळेच ठेवा.

तुकडा चकमध्ये दहा मिमी आत धरून फेसिंग करा (तोंड सपाट करा), बाहेरून साफ करा, ड्रिल एकामागून एक २४ मिमी खोल घाला आणि मग बोरिंग बारने (भोक आतून मोठं करणाऱ्या टूलने) ३० मिमी व्यास, २५ मिमी खोलीपर्यंत न्या. बाहेरचा व्यास आणि बोर एकाच सेटिंगमध्ये व्हायला हवेत. या चकला ०.०५ ते ०.१ मिमी रनआउट (फिरताना मध्यापासून ढळणं) असतोच. मध्ये जॉब काढून पुन्हा लावला तर भिंत एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ येते.

झाकणाला खाली ६ मिमीचा कॉलर काढायचा, जो बोरमध्ये बसेल. खरी मजा या मापात आहे. बोर ३० मिमी असेल तर कॉलर २९.९७ ते २९.९८. क्रॉस स्लाइडच्या डायलवर बहुतेक मशीन्सना ४० घरं असतात, एक घर ०.०२५ मिमी, म्हणजे व्यासात ०.०५. मापापेक्षा घरच मोठं. त्यावर जुनी युक्ती अशी: कंपाउंड स्लाइड बेडच्या रेषेपासून ५.७ अंशांवर लावा. आता कंपाउंडचं हँडल एक घर फिरवलं की टूल जॉबमध्ये त्याच्या एक दशांश जातं, म्हणजे ०.००२५, आणि व्यासात ०.००५ मिमी. व्हर्नियरवर विसंबू नका, त्याचं वाचनच ०.०२ चं. कॉलरला २५-५० चा मायक्रोमीटर आणि शेवटच्या दोन-तीन कटांना डबीच गेज म्हणून वापरायची.

माप साधलं की झाकण ठेवल्यावर ते लगेच बसत नाही. आतली हवा फटीतून बाहेर पडेल तसतसं सावकाश खाली उतरतं, आणि उचलताना किंचित ओढ लागते. ०.०५ मिमी जास्त गेलं तर ते टक्कन पडतं. दोन्हीतला फरक ज्याला भेट द्यायची त्यालाही, लेथ म्हणजे काय हे माहीत नसताना, हातात घेताच कळतो.

शेवटी झाकण डबीतच बसवा, कॉलरभोवती पातळ कागदाची पट्टी घालून घट्ट करा, डबी बुडाकडून चकमध्ये धरा आणि दोन्हीवर मिळून बाहेरून एक हलका कट घ्या. धरताना जबड्यांखाली थंड पेयाच्या कॅनचा पत्रा घाला, म्हणजे खुणा उठत नाहीत. या कटात सांध्याची रेघ जवळजवळ नाहीशी होते. ४००, ८००, १५०० नंबरचे पेपर, मग ब्रासो. पेपर पट्टीसारखा दोन्ही टोकांना धरा, बोटाला गुंडाळू नका. हातमोजे नकोत, चष्मा हवाच. पितळेच्या चिप्स सुयांसारख्या उडतात आणि शर्टाच्या कॉलरच्या आतही जातात. बोटांच्या ठशांचे डाग काळे पडू नयेत म्हणून स्पिरिटने पुसून लगेच लॅकर मारा.

फिनिशबद्दल एक तक्रार. सोबतच्या गिअरांमधून मिळणारा सर्वांत बारीक ऑटो फीड (टूल आपोआप पुढे सरकणं), २०:८० अशा दोन जोड्या लावून, फेऱ्यामागे ०.०९४ मिमी येतो. टोकदार टूलला हा जाडच आहे. टूलच्या टोकाला अर्धा मिमी गोलाई दिली की पितळेवर आरशासारखं काम येतं.

आता पोलाद. मशीन पोलाद कापतं, पण त्याच्या मनाप्रमाणे. माइल्ड स्टीलला ०.३ ते ०.५ मिमी खोलीचा कट ठीक; १ मिमी दिला की आवाज बदलतो, बेड थरथरते आणि पृष्ठभागावर लाटा उठतात. इन्सर्ट (टूलला बसवायची कार्बाइडची तयार टोकं) वापरायचे तर दुकानदार देतो ते सीसीएमटी जातीचे घेऊ नका, त्यांना जोर लावणारं मशीन लागतं. अॅल्युमिनियमसाठीचे घासून धार दिलेले सीसीजीटी या मशीनवर पोलादालाही बरे चालतात. २० मिमीच्या वर पोलाद पार्ट करायचा प्रयत्न केला तर टूल अडकतं, मोटर थांबते, कधी फ्यूज जातो. बाजूने दाबायचं नर्लिंग टूलही (पकडीसाठी खरबरीत नक्षी उठवणारं) टाळा, त्याचा सगळा दाब बेअरिंग आणि क्रॉस स्लाइडवर येतो. दोन बाजूंनी चिमटीत धरणारं घ्या.

कंपाउंड काढून त्याजागी बिडाचा किंवा पोलादाचा भरीव ठोकळा लावून त्यावर टूलपोस्ट (टूल धरणारा खांब) बसवला तर पार्टिंगमध्ये आश्चर्य वाटेल एवढा फरक पडतो. पण मग वरची ५.७ अंशांची सोय जाते. ठोकळा चार बोल्टांवर काढता-घालता येईल असा करा.

आट्यांच्या बाबतीत लीड स्क्रू १.५ मिमीचा असल्यामुळे १.५, ०.७५ आणि ०.५ पिचसाठी हाफ नट (कॅरेज लीड स्क्रूला जोडणारा) कुठेही सोडून पुन्हा पकडता येतो. १.०, १.२५, ०.८ साठी तो पकडलेलाच ठेवून मोटर उलटी फिरवत मागे यायचं. चालत्या मोटरला एकदम रिव्हर्स देऊ नका, पूर्ण थांबू द्या. कंट्रोल बोर्ड जाण्याचं ते नेहमीचं कारण. जुन्या शिलाई मशीनचे स्क्रू करायच्या बेताने कोणी घेत असेल तर लक्षात असू द्या की त्यांच्या आट्या मेट्रिक नसतात, सोबतच्या गिअरांत त्या बसत नाहीत. जुन्या रेडिओची बटणं, टाइपरायटरचे रोलर नॉब, दाराच्या मुठी ही कामं मात्र झकास होतात. रेडिओच्या बटणाचं भोक पाडण्याआधी शाफ्ट मोजा: जुन्यांचा ६.३५ मिमी, नव्यांचा ६.

अर्थिंगबद्दल ढिलाई नको. मल्टिमीटरचं एक टोक चकला, दुसरं प्लगच्या अर्थ पिनला लावून रेझिस्टन्स एक ओहमच्या आत आहे ना ते बघा. कंट्रोल बोर्डाच्या डब्याच्या फटी आणि केबल जिथे आत जाते ती जागा सिलिकॉनने बुजवा. पितळेचा बारीक चुरा आत गेला तर शॉर्ट होतो. मोटरची हवेची भोकं बुजवू नका, वर पत्र्याचं छप्पर लावा.

याच पैशांत राजकोट-बटाल्याचा साडेचार फुटी जुना लेथ मिळू शकतो, हा सल्ला प्रत्येक वर्कशॉपवाला देतो आणि तळमजल्यावर जागा असेल तर तो योग्यच आहे. पोलादावर ताकदीने काम करायचं असेल तर चांगल्या अवस्थेतला जुना किर्लोस्कर किंवा एचएमटी याच्या कितीतरी पुढे आहे. पण त्यांचं वजन शेकड्यांत जातं, बऱ्याचदा थ्री फेज लागतो आणि बेड झिजली असेल तर दुरुस्ती घरात होत नाही. फ्लॅटमध्ये राहून पितळी डब्या, पेनं, उदबत्तीची घरं करणाऱ्याला ते ओझंच होतं.

सोबत लगेच काय घ्यावं? झटपट बदलता येणारा टूलपोस्ट घ्या, छोट्या ०एक्सए मापाचा. तोपर्यंत टूल सेंटरला आणायला जुन्या हॅकसॉ ब्लेडचे तुकडे शिम म्हणून चालतात, एक साधारण ०.६५ मिमीचा. जबडे स्वतंत्रपणे सरकणारा एक चार जबड्यांचा चक, बोरिंग बार, डायल गेज, एचएसएसचे ८ मिमी ब्लँक आणि बेंच ग्राइंडर. १०० मिमीचा चक थेट बसत नाही, मधे अॅडाप्टर प्लेट लागते आणि त्यामुळे जॉब आणखी बाहेर लोंबतो. ८० मध्येच भागवा.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, उघडी बेड एका रात्रीत तांबूस होते. काम संपलं की चिप्स ब्रशने झाडा, ६८ ग्रेडचं स्लाइडवे ऑइल पुसटसं लावा आणि वर सुती चादर टाका. प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत दमट हवा कोंडते. पितळेच्या चिप्स पोलादाच्या चिप्समध्ये मिसळू देऊ नका. वेगळ्या डब्यात साठवल्या तर भंगारवाला चांगला भाव देतो, मिसळल्या तर लोखंडाच्या भावाने नेतो.